गवताच्या कडेनं

पाणी मांडीपर्यंत आहे आणि काका पाय उचलत नाहीत, घासत नेतात. पाऊल चिखलावरून सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. मागे न बघता ते सांगतात, "पाय उचलू नका जी. खाली शिंगी बसली असते. काटा लागला त रातभर झोप नाय येत." शिंगी माशाच्या छातीपाशी दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, त्यात विष असतं. ते ऐकून मी मुकाट्यानं पाय घासू लागतो. माझ्या उजव्या हाताला चालणाऱ्या आतेभावाला मात्र कुणी शिकवायची गरज पडलेली नाही. तो पाण्यात उतरल्यापासून तसाच चालतो आहे.

"आमच्याकडेही हेच," तो हळू आवाजात म्हणतो. "फक्त शिंगीच्या जागी पाकट."

त्याचं 'आमच्याकडे' म्हणजे फ्लोरिडातलं टॅम्पा. जन्म नागपूरजवळच्या वाडीतला, लहानपण आयुध निर्माणीच्या वसाहतीत गेलेलं, पुढे नोकरीनं तिकडे नेलं. तिथल्या उथळ खाडीत, समुद्री गवताच्या पट्ट्यांवर, कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभं राहून तो सुट्टीच्या दिवशी 'सी ट्राउट' धरतो. या वेळी गावी आला तेव्हा म्हणाला, मला आपल्याकडचं गवतातलं मासे धरणं दाखव. नागपूरपासून समुद्र दूर, पण गवत आणि मासा यांचं नातं बघायचं तर समुद्रच लागतो असं नाही. म्हणून काल वाडीहून निघालो, भंडारा-साकोली करत अर्जुनी मोरगाव तालुक्यात मुक्कामाला आलो, आणि आता उजाडताना इथल्या एका ढिवर काकांबरोबर या मालगुजारी तलावात उभे आहोत.

पोळा होऊन गेला आहे. तलाव भरलेला. मागे पार, म्हणजे तलावाचा बांध, पारेवर मोहाची झाडं, पारेपलीकडे धानाच्या हिरव्या बांध्या. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, बंद आहे, कारण पाऊस अजून पुरेसा आहे आणि धानाला तलावाचं पाणी मागावं लागलेलं नाही. काठापासून आत येताना पाण्यातल्या वनस्पती पायांखाली बदलत गेल्या. अगदी कडेला देवधान, म्हणजे जंगली भात. नांगर न लागलेलं धान्य म्हणून ते उपासाला चालतं. त्यानंतर गाद, पोकळ दांड्याची, सरळ उभी. तिचे कंद खायला सारस येतात. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः या गोंदिया जिल्ह्यात, आणि तोही मोजकाच. गादेच्या पुढे पाण्यावर पसरलेली पानं, मधेमधे झालरीची पांढरी फुलं. एक कमळपक्षी त्या पानांवरून लांब बोटं टाकत चालतो आहे. आता आम्ही जिथे आहोत तिथे वर काही दिसत नाही, सगळं पाण्याखाली आहे. पायाला मऊ लागतं, पोटरीला गुंडाळतं, पाऊल पुढे सरकलं की सुटतं.

मी वाकून एक दांडी वर काढतो. हायड्रिला आहे. दांडीच्या प्रत्येक पेरावर बारीक पानांचं कडं. पानांवर हवेचे थेंब चिकटलेले आहेत. उन्हं आली की ही वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडते, तो असा डोळ्यांनी दिसतो. त्या एवढ्याशा तुकड्यावर किती जीव आहेत! काचेसारखा आरपार दिसणारा एक झिंगा, त्याचे दोन काळे डोळे तेवढे स्पष्ट. चतुराचं एक मळकट पिल्लू, पाय घट्ट रोवून बसलेलं. पानाच्या खालच्या बाजूला गोगलगाईच्या अंड्यांचा चिकट थेंब. झिंगा उडी मारतो आणि माझ्या तळहातावरून पाण्यात जातो.

आतेभावाच्या हातात दुसरंच गवत आहे. लांब, चपटं, रिबिनीसारखं पान, तळातून निघालेलं. ही व्हॅलिसनेरिया. हिची मादी फुलं तळापासून वेटोळ्या देठावर वर येतात, पृष्ठभागावर परागीभवन झालं की देठ पुन्हा आवळून फळ खाली ओढून घेतो. तो पान उलटसुलट करून बघतो. त्याच्या खाडीतल्या 'टर्टल ग्रास'चं पान असंच चपटं असतं. ते खाऱ्या पाण्यातलं, हे गोड्या पाण्यातलं, दोघांचं काम मात्र एक. तळाचा गाळ धरून ठेवायचा, पाणी नितळ ठेवायचं, अंड्यांना चिकटायला जागा द्यायची, पिल्लांना लपायला आडोसा द्यायचा आणि झिंग्यांना चरायला रान द्यायचं. झिंगे तिथे लहान मासे, लहान मासे तिथे मोठे.

"आता गप," काका म्हणतात.

गवत इथे संपतं. समोर गाड्याच्या चाकाएवढं मोकळं पाणी आहे आणि त्यापलीकडे पुन्हा गवत. काकांच्या हातात बांबूची लांब डांग, टोकाला जाड दोरी, दोरीला गरी, गरीला एक लहान बेडकी. ते डांग पुढे करतात आणि बेडकी बरोबर कडेवर, गवत संपतं त्या रेषेवर टेकवतात. उचलतात, टेकवतात. टप. थोडं थांबून पुन्हा टप. आवाज इतका हलका की मला तो कानापेक्षा डोळ्यांनीच जास्त कळतो.

आतेभाऊ माझा दंड दाबतो. त्याचं तिकडचं साधन हेच करतं. दोरीला एक बूच, बुचाखाली झिंगा. हाताला झटका दिला की बूच पाण्यावर 'पॉप' वाजतं, आणि गवतात दबा धरलेल्या माशाला वाटतं की वर कुणीतरी काहीतरी खातं आहे. तो ज्याला ट्राउट म्हणतो तो मुळात ट्राउट नाहीच. तो आपल्या घोळ आणि ढोमीच्या कुळातला, पोटातल्या हवेच्या पिशवीनं आवाज काढणारा. अंगावर काळे ठिपके, वरच्या जबड्यात पुढे सुळ्यासारखे दात आणि तोंड फार नाजूक. घाईनं ओढलं तर गळ तोंड फाडून सुटतो. तोही गवताच्या कडेलाच असतो किंवा गवतामधल्या वाळूच्या मोकळ्या खळग्यात. म्हणजे शिकारी मासा गवतात राहत नाही, गवताच्या कडेवर राहतो. आत खाणं असतं आणि बाहेर झडप घालायला जागा. हे टॅम्पाच्या कोळ्याला जेवढं ठाऊक, तेवढंच या ढिवराला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

काका दहा पावलं पुढे सरकतात आणि मधेच डांग उचलून घेतात. मला कारण कळत नाही. ते हनुवटीनं दाखवतात.

डाव्या हाताला हातभर पाण्याचा पृष्ठभाग हलतो आहे. वारा नाही, तरी तेवढाच तुकडा भाताला आधण आल्यासारखा रटरटतो आहे. नीट बघितल्यावर त्यात लाल-केशरी ठिपके दिसतात. मरळीची पिल्लं आहेत, शेकड्यांनी, कदाचित त्याहून जास्त, प्रत्येक जेमतेम नखाएवढं. मरळ हवेत श्वास घेते, पिल्लंही थोडी मोठी झाली की श्वासाला वर येतात. सगळी एकदम वर, एकदम खाली. पृष्ठभाग फुटतो, मिटतो, फुटतो. त्यांच्याखाली गडद पाण्यात एक जाड सावली स्थिर आहे. मग दुसरी.

"मायबाप दोघंबी खाली हायेत," काका कुजबुजतात. "आता गरी टाकली त भुकेनं नाय, रागानंच धरते. लय सोपी असते ह्या टायमाले. पन मग हे पोरं कोन सांभारन?"

गवत थोडं बाजूला सारून मरळ त्यात गोल जागा करते, तिथे अंडी घालते. अंडी तरंगतात. नर आणि मादी दोघं राखण करतात आणि पिल्लं बाहेर आल्यावरही काही आठवडे त्यांच्याखाली फिरत राहतात. राखणीवरचा मासा धरला की बाकीच्या माशांना त्या झुंडीची मेजवानी मिळते. पुष्कळ ठिकाणी हेच चालतं, कारण राखणीवरची मरळ धरायला कौशल्य लागत नाही आणि बाजारात मरळीला भाव चांगला येतो. काका मात्र वळसा घालतात. आम्हालाही लांबून नेतात. पाणी गढूळ होऊ नये म्हणून आणखी सावकाश.

फ्लोरिडात हे कायद्यानं करून घेतात, आतेभाऊ सांगतो. मुख्यतः १५ ते १९ इंच मापाचीच ट्राउट घरी नेता येते. त्याहून मोठी सहसा मादी असते, लाखो अंड्यांची, ती फार तर एखादी नेता येते, बाकीच्या सोडायच्या. काका ऐकून मान डोलावतात. त्यांना हे नवल वाटत नाही. उलट ते विचारतात, "तिकडं तुमच्या तरावात बेशरम हाय का?"

इथे मला थांबावं लागतं, कारण या तलावाची सगळी गोष्ट त्या प्रश्नात आहे.

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांची रोजची देखभाल कुणाचीच राहिली नाही. गाळ साचला. त्यात बेशरम शिरली. मूळची अमेरिकेतली, गुलाबी कर्ण्यासारख्या फुलांची ही झुडपं जनावरं खात नाहीत, उपटली तरी तुकड्यापासून पुन्हा रुजतात आणि तलावाचा उथळ काठ अडवून बसतात. उथळ काठ म्हणजेच गवताची जागा. दुसरीकडे उत्पादन वाढवण्यासाठी तलावात बाहेरचे मासे सोडले गेले. त्यातला ग्रास कार्प नावाप्रमाणे गवतच खातो. सायप्रिनस अन्नासाठी तळ उकरतो, मुळं सुटतात, पाणी गढूळ होतं आणि गढूळ पाण्यात उन्हं तळापर्यंत पोचत नाहीत. गवत गेलं तशी गवतात अंडी घालणारी मासोळी गेली.

रोहू, कतला, मृगळ साठलेल्या पाण्यात स्वतःहून वीण घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली, त्यातून देशभर मत्स्यबीज मिळू लागलं. ते मोठं काम होतं, त्यानं कोट्यवधी लोकांच्या ताटात मासा आला. पण गावातल्या ढिवरांच्या संस्थेच्या बाजूनं बघा. दरवर्षी मत्स्यजिरे किंवा बोटुकली विकत आणायची, सोडायची, आणि लपायला गवत नसलेल्या तलावात त्यातलं किती वाचतं ते देवावर. मरळ, शिंगी, मांगूर यांना विकत आणावं लागत नाही. त्यांना फक्त त्यांचं घर लागतं.

हे घर परत बांधायचं काम याच तालुक्यात झालं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळातून आणि पुढे फीड या संस्थेतून मनीष राजनकर यांनी ढिवरांकडे असलेलं ज्ञान गोळा केलं: कोणतं गवत कोणत्या खोलीला वाढतं, कोणता मासा कुठे अंडी घालतो. पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणते ढिवर त्यात पुढे होते. शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांचे गट उभे केले. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या काठावरची बेशरम मुळासकट काढायची, कडक झालेली जमीन नांगरून भुसभुशीत करायची आणि पावसानं पाणी चढलं की ज्या तलावात चांगलं गवत उरलं आहे तिथून रोपं आणून लावायची. वाचायला तीन ओळी लागतात. करायला किती लागतं ते पारेवर कळतं.

कारण आता आम्ही पारेवर आहोत. काकी झिंगे निवडत बसल्या आहेत. परडीत झिंग्यांचा ढीग, त्यातून त्या काडीकचरा आणि गोगलगाई बाजूला करतात. बोटं थांबत नाहीत. मी गवत कसं लावलं ते विचारतो.

"रोवना केला जी," त्या म्हणतात. "धानाचा करतो तसाच. फक्त पान्यात वाकून. बेशरम काढताना हातं सोलून निघाले. लोकं हासत होते, गवत काय लावता म्हनून. शेतातलं निंदून फेकतो आन् तरावात लावतो, येड्या झाल्या बाया."

"आणि आता?"

"आता हे पाहा ना," परडी पुढे करत त्या म्हणतात.

मला हे उत्तर पुरेसं वाटतं. झिंगे कुणी बीज म्हणून सोडलेले नाहीत.

पारेखाली पाण्यात आवाज होतो. काका अजून आत आहेत. डांग वाकली आहे. ते ओढत नाहीत, डांगेचं टोक फक्त वर धरून मागे मागे चालतात, माशाला गवतात शिरू देत नाहीत. एकदा शिरली की दोरी गवतात अडकते आणि संपलं. पाणी दोनदा उसळतं. मग ते डांग खांद्यावर टेकवून दोरी हातात घेतात आणि मरळ बाहेर येते. पाठ काळपट हिरवी, पोट पांढुरकं, कुशीवर तिरपे पट्टे, डोकं सापासारखं चपटं. किलोच्या आतबाहेर असेल. काठावर ठेवली तरी तडफड अशी नाही, ती शांतपणे तोंड उघडते आणि हवा घेते. रोहू इतक्या वेळात दमला असता. मरळ ओल्या गवतात ठेवली तर तासन्‌तास जिवंत राहते, म्हणून बाजारात ती जिवंत विकली जाते आणि म्हणून तिला भाव.

आतेभाऊ तिच्याशेजारी उकिडवा बसला आहे. त्याच्या गाडीत परदेशी रीळ, काठी, रंगीत रबरी मासे सगळं आहे. त्यानं सकाळपासून त्यातलं काहीही बाहेर काढलेलं नाही.

तो काकीला टॅम्पाची गोष्ट सांगतो, आणि मला ती इथे लिहायचीच आहे. शहराचं सांडपाणी पूर्वी पुरेशी प्रक्रिया न होता खाडीत जायचं. त्यातल्या नायट्रोजननं शेवाळ माजलं, पाणी हिरवं-गढूळ झालं, तळाच्या गवताला ऊन मिळेना. निम्म्याच्या आसपास गवत गेलं, त्याबरोबर मासळीही. १९७० च्या दशकात लोकांनी गिल्ला केला, कायदा झाला आणि १९८० च्या सुमारास सांडपाण्यातला नायट्रोजन काढणारी प्रक्रिया सुरू झाली. गवत लगेच आलं नाही. वर्षं गेली, दशकं गेली. २०१४ च्या मोजणीत खाडीत ४०,००० एकरांहून जास्त गवत भरलं. ठरवलेलं लक्ष्य ३८,००० एकरांचं होतं. पुढे त्यात पुन्हा घट झाली, कारण हे काम एकदा करून सुटत नाही. त्याच राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर इंडियन रिव्हर लगूनमध्ये वेळेवर हात चालले नाहीत. तिथलं गवत गेलं आणि गवतावर जगणारे मॅनाटी, म्हणजे समुद्रगाई, उपाशी मरू लागले. २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात ११०० च्या आसपास मॅनाटी मेले. भूक हे त्यातलं मोठं कारण होतं.

काकी निवडायचं थांबवून ऐकतात. "म्हनजे तिकडं बी गवतच लावा लागते," त्या म्हणतात.

"लावावं लागतं," तो म्हणतो, "पण आधी घाण थांबवावी लागते. नाहीतर लावलेलंही मरतं."

मी ते ऐकून गप्प होतो, कारण आम्ही दोघंही वाडीचे आहोत. वाडीजवळ लाव्याच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते आणि अंबाझरी तलावात येते. त्या वाटेवर आमच्या वस्त्या आहेत. आमच्या संडास-मोऱ्यांचं पाणी वर्षानुवर्षं नाल्यांतून त्याच तलावाकडे गेलं आहे. अंबाझरीवर पसरणारी जलपर्णी आकाशातून पडलेली नाही. ती आमच्या सांडपाण्यातल्या खतावर पोसली आहे. जलपर्णी पृष्ठभाग झाकते, खालचं ऊन तोडते आणि इथल्या मालगुजारी तलावात आज मी हातात घेतलं ते पाण्याखालचं गवत तिच्या सावलीत टिकत नाही. दरवर्षी यंत्रं लावून जलपर्णी काढायची, फोटो छापायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढायची, यात तलावाचं काही भलं नाही. अंबाझरीत ढिवरांचं जाळं पडत आलं आहे, काठावर गरी टाकून बसणारे वाडीचे, धरमपेठेचे लोक मी लहानपणापासून बघतो. त्यांच्या हक्काचा मासा आपण आपल्याच मोरीतून मारतो आहोत. माझं मत स्पष्ट आहे. पुनरुज्जीवनाच्या नावानं काठावर दिवे, कारंजी आणि फरशा बसवण्याआधी नाल्याचं पाणी शुद्ध व्हायला हवं, आणि त्यानंतर अर्जुनी मोरगावच्या या बायकांना मानधन देऊन बोलवायला हवं. तलावात गवताचा रोवणा कसा करायचा हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

काका मरळ ओल्या गवतात गुंडाळून आमच्या हाती देतात. पैसे देताना थोडी ओढाताण होते, शेवटी बाजारभावानं घेतात. मग ते पुन्हा पाण्याकडे बघतात आणि आतेभावाला म्हणतात, "पुढच्या साली या भाऊ. पन भादव्यात नका येऊ, पोरं असतात. कार्तिकात या."

वाडीत राहणाऱ्या वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या गल्लीचं सांडपाणी कोणत्या नाल्याला मिळतं आणि तो नाला कुठे जातो, ते या रविवारी चालत जाऊन बघा. नाल्याच्या तोंडाशी प्रक्रिया होते की नाही हे आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहा.